रांगेत उभं राहण्याआधी

गेल्या गणपतीत न्यू जर्सीतल्या एका शाळेच्या जिममध्ये महाप्रसादाच्या रांगेत उभा होतो. पुढचे गृहस्थ मागे वळून म्हणाले, "आपण कायद्याने आलो, रांगेत उभं राहून आलो, स्वतःच्या हुशारीवर आलो. या बाकीच्यांशी आपला काय संबंध?" बाकीचे म्हणजे कोण, ते त्यांनी मानेनेच दाखवलं. जिमच्या दुसऱ्या टोकाला दोन लॅटिनो कामगार टेबलांचे पाय मिटून ती भिंतीला लावत होते. गृहस्थ वाईट नाहीत. नव्याने आलेल्या मुलांना स्वतःच्या घरी आठ-आठ दिवस ठेवून घेतात, कुणाच्या घरी अडचण आली तर डबा घेऊन पहिले हजर होतात. पण हे वाक्य मी इथे वीस-बावीस वर्षं ऐकतोय, सुरुवातीला स्वतःही म्हटलेलं आहे. म्हणून त्याचं उत्तर नीट लिहून काढावं असं ठरवलं.

त्या वाक्यात खोटं काही नाही. फक्त त्याची सुरुवात कुणी सांगत नाही. रांग लागायची तर आधी दार हवं, आणि आपल्यासाठी ते दार कितीतरी वर्षं नव्हतं.

माझे काका 1968 साली सोलापूरहून आले. डॉक्टर. त्यांचा पहिला पासपोर्ट चुलत बहिणीने जपून ठेवलाय. निळं कापडी कव्हर कडांना विरलंय, आणि आत एका पानावर बँकेचा गोल शिक्का, त्याखाली परकीय चलनाची नोंद: 8 डॉलर. त्या काळी देश सोडताना तेवढेच नेता येत. काका ब्रुकलीनमधल्या एका रुग्णालयात लागले. लागोपाठ दोन-दोन रात्री जागून ड्युट्या केल्या, पहिल्या हिवाळ्यात कुणाचा तरी जुना ओव्हरकोट वापरला. "आठ डॉलर आणि डिग्री, एवढ्यावर आलो," असं ते शेवटपर्यंत सांगत. त्यांच्या कष्टांबद्दल मला तिळभरही शंका नाही. पण ते ज्या ब्रुकलीनमध्ये उतरले, तिथून 45 वर्षं सतत निवडून येणारा एक म्हातारा वकील तेव्हा वॉशिंग्टनमध्ये बसला होता, आणि त्याच्या नावाच्या कायद्यामुळेच काकांना व्हिसा मिळाला होता, हे त्यांना कधी कळलं नाही. मलाही ते काका गेल्यावर कळलं.

त्या वकिलाचं नाव इमॅन्युएल सेलर.

गोष्ट सुरू करायची तर दोन तारखांपासून करावी लागेल. 19 फेब्रुवारी 1923 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्याचा निकाल दिला. थिंद पंजाबातले शीख. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करी गणवेशात नोकरी केलेले. तेव्हाच्या कायद्यानुसार बाहेरून आलेल्यांपैकी गोरे आणि आफ्रिकी वंशाचे लोकच नागरिक होऊ शकत. थिंद यांची बाजू अशी होती की मानववंशशास्त्र उत्तर भारतीयांना कॉकेशियन, म्हणजे युरोपीयांच्याच वंशगटातले, म्हणतं, मी उच्च जातीचा आर्य आहे, म्हणून मी गोराच. त्यांच्या वतीने असंही मांडलं गेलं की उच्चवर्णीय हिंदू खालच्या समाजांकडे तसाच पाहतो, जसा गोरा अमेरिकन काळ्या माणसाकडे. न्यायालयाने एकमताने नाही म्हटलं. शास्त्र काहीही म्हणो, सर्वसामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. गंमत नाही, पण तीनच महिन्यांपूर्वी याच न्यायालयाने ताकाओ ओझावा या जपानी माणसाला नाकारताना गोरा म्हणजे कॉकेशियन असं सांगितलं होतं. दोन्ही निकाल न्यायमूर्ती जॉर्ज सदरलंड यांनी लिहिले. ते स्वतः इंग्लंडात जन्मलेले, लहानपणी अमेरिकेत आलेले स्थलांतरित.

थिंद यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. नाव वाचल्यावर मी थबकलोच. मुंबई इलाख्यातून आलेले हे गृहस्थ लॉस एंजेलिसमध्ये वकिली करत होते आणि 1914 साली नागरिक झाले होते. थिंद खटल्यानंतर सरकारने आधी नागरिक झालेल्या हिंदी माणसांचीही नागरिकत्वं काढून घ्यायला सुरुवात केली. पंडितांवरही दावा झाला. ते लढले आणि 1926 मध्ये अपील न्यायालयात जिंकले. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णोदास बगाई यांच्या वाट्याला असं यश आलं नाही. नागरिकत्व गेलं, धंदा गेला, घर घेणं अशक्य झालं. 1928 साली त्यांनी आत्महत्या केली, आणि का केली ते लिहून ठेवलं.

आता दुसरी तारीख. 4 मार्च 1923. थिंद निकालानंतर दोन आठवड्यांनी 34 वर्षांच्या सेलर यांची अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहातली कारकीर्द सुरू झाली. तिथून ते बाहेर पडले 3 जानेवारी 1973 ला. पन्नास वर्षांना दोन महिने कमी.

सेलर ब्रुकलीनमध्येच जन्मले, 1888 मध्ये. घराणं मूळचं जर्मन ज्यू. वडिलांचा व्हिस्कीचा धंदा होता, घराच्या तळघरात भलीमोठी टाकी होती. तो धंदा बुडाला आणि वडील दारोदार वाइन विकू लागले. सेलर कोलंबियात शिकत असताना वडील गेले, पाठोपाठ काही महिन्यांत आईही गेली. मग या मुलाने सकाळी वर्ग आणि दुपारी वडिलांचीच वाइनची फेरी असं सुरू केलं. 1912 साली वकील झाल्यावर त्यांचे पहिले अशील म्हणजे हीच वाइनची गिऱ्हाइकं: नुकतेच जहाजावरून उतरलेले इटालियन, पोलिश, रशियन ज्यू. कुणाचा भाडेकरार, कुणाच्या भावाची कागदपत्रं. (पुढच्याच वर्षी, 1913 मध्ये, त्याच कोलंबिया विद्यापीठात भीमराव आंबेडकर नावाचा बडोद्याचा शिष्यवृत्तीधारक दाखल झाला. विद्यार्थ्याला यायला मुभा होती. स्थायिक होण्याचं दार मात्र चारच वर्षांत बंद होणार होतं.) मला वाटतं सेलर यांच्या पुढच्या सगळ्या राजकारणाची मुळं त्या दुपारच्या फेऱ्यांत आहेत. ज्या माणसांच्या उंबऱ्यावर आपण बाटल्यांची पेटी घेऊन उभे राहिलो, त्यांना सभागृहात कुणी निकृष्ट म्हटलेलं सहन होणं कठीणच.

1924 साली नेमकं तेच झालं. जॉन्सन-रीड कायदा आला. युरोपातल्या प्रत्येक देशाला कोटा, आणि तो किती, तर 1890 च्या जनगणनेत त्या देशात जन्मलेले जितके लोक अमेरिकेत होते त्यांच्या 2 टक्के. 1920 ची जनगणना हाताशी असताना 1890 का? कारण इटालियन, पोलिश आणि ज्यू लोक मोठ्या संख्येने आले ते 1890 नंतर. आकड्यांच्या या हातचलाखीने त्यांना बाहेर ठेवता आलं. आशियातल्या लोकांचा तर प्रश्नच मिटवला: जे नागरिक होण्यास पात्र नाहीत त्यांना स्थायिक होण्यासाठी प्रवेशही नाही. भारत 1917 च्या कायद्यानेच बंदीच्या पट्ट्यात गेलेला होता.

इथे मला थोडं थांबायचंय, कारण माझ्या सगळ्या म्हणण्याचं मर्म इथे आहे. 1924 चा कायदा करणारे लोक स्वतःला दुष्ट समजत नव्हते. ते गुणवत्तेच्याच भाषेत बोलत होते. प्रतिनिधीगृहाच्या स्थलांतर समितीने हॅरी लाफलिन नावाचा एक सुप्रजननशास्त्राचा 'तज्ज्ञ' नेमला होता. तो तक्ते आणि टक्केवाऱ्या घेऊन यायचा आणि कोणत्या देशाचं रक्त चांगलं, कोणत्या देशाचं कमअस्सल, ते समितीला पटवायचा. देशाला उत्तम माणसं हवीत, असंच त्यांचं म्हणणं. आज आपण 'मेरिट' हा शब्द छातीवर बिल्ल्यासारखा लावतो. शंभर वर्षांपूर्वी त्याच शब्दाने आपल्याला दाराबाहेर ठेवलं होतं, आणि आपल्यातल्या काहींनी त्या वेळी 'ही विभागणीच चूक आहे' असं न म्हणता 'आम्हाला वरच्या खान्यात घ्या' असा अर्ज केला होता. अर्ज फेटाळला गेला. महाप्रसादाच्या रांगेतल्या त्या वाक्यात मला तोच जुना अर्ज ऐकू येतो.

पहिल्याच कार्यकाळातल्या सेलर यांनी 1924 च्या कायद्याला भर सभागृहात कडाडून विरोध केला. हरले. मग ते हरतच राहिले. तीसच्या दशकात जर्मनीतून पळणाऱ्या ज्यूंसाठी कोटा सैल करा म्हणून रूझवेल्ट यांच्याकडे आणि परराष्ट्र खात्याकडे त्यांनी खेटे घातले; दारं किलकिलीच राहिली. 1952 साली मॅकॅरन-वॉल्टर कायद्याने राष्ट्रनिहाय कोटा पुन्हा पक्का केला. सेलर विरोधात होते, ट्रुमन यांनी नकाराधिकार वापरला, संसदेने तो मोडून काढला.

मधे एकच विजय, आणि तो आपल्यासाठी. 2 जुलै 1946 रोजी ट्रुमन यांनी लूस-सेलर कायद्यावर सही केली. कनेटिकटच्या रिपब्लिकन क्लेअर बूथ लूस आणि ब्रुकलीनचे डेमोक्रॅट सेलर यांची ही जोडी. त्यामागे न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या जे. जे. सिंग यांची काही वर्षांची चिकाटी होती. हा व्यापारी खासदारांची दारं झिजवत होता. कायद्याने हिंदी आणि फिलिपिनो लोकांना नागरिक होता येऊ लागलं. कोटा मिळाला वर्षाला 100 माणसांचा. एवढ्या मोठ्या देशाला 100! तरीही या शंभराचं मोल मोठं आहे. 1924 मध्ये बर्कलीतून गणितात डॉक्टरेट मिळवून कॅलिफोर्नियात शेती करणारे दलीपसिंग सौंद या कायद्यामुळे 1949 मध्ये नागरिक झाले आणि 1956 मध्ये निवडून येऊन सेलर यांच्याच सभागृहात जाऊन बसले. पंचवीस वर्षं या माणसाची डॉक्टरेट तीच होती. हुशारी तीच होती. बदलला तो कायदा.

मग 1964. सेलर तेव्हा न्यायविषयक समितीचे अध्यक्ष. आदल्या वर्षी अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅममध्ये समान हक्कांसाठी मोर्चा काढणाऱ्या काळ्या शाळकरी पोरांवर पाण्याचे पाईप आणि कुत्रे सोडलेले जगाने पाहिले होते. नागरी हक्कांचं विधेयक सेलर यांच्या समितीतून 20 नोव्हेंबर 1963 ला बाहेर पडलं, आणि दोनच दिवसांनी केनेडींची हत्या झाली. कोणतं विधेयक सभागृहात चर्चेला येणार ते ठरवणाऱ्या पुढच्या समितीचे दक्षिणी अध्यक्ष विधेयक दाबून बसले, तेव्हा ते बाहेर काढण्यासाठी सेलर यांनी सह्यांची मोहीम उघडली. त्यांचा जोडीदार होता ओहायोतल्या पिक्वा या छोट्या गावचा रिपब्लिकन वकील विल्यम मॅकलक. मॅकलक यांच्या मतदारसंघात काळे मतदार अगदी थोडे. या कामातून त्यांना एक मतही मिळणार नव्हतं. दोघांनी मिळून विधेयक सभागृहात 290 विरुद्ध 130 ने नेलं. 2 जुलै 1964 ला कायदा झाला. 6 ऑगस्ट 1965 ला मतदान हक्काचा कायदा. 3 ऑक्टोबर 1965 ला, स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या पायथ्याशी, राष्ट्रनिहाय कोटा संपवणारा हार्ट-सेलर कायदा. पंधरा महिन्यांत तीन कायदे, तिन्ही एकाच समितीच्या टेबलावरून गेलेले. 1924 च्या भाषणानंतर 41 वर्षांनी.

हे तीन कायदे एकाच दोऱ्यात ओवलेले आहेत. वंशावरून माणसाला मतदान नाकारता येत नाही, हॉटेलात जेवण नाकारता येत नाही, असं एकदा देशाने मान्य केलं की वंशावरून व्हिसा नाकारणं टिकूच शकत नव्हतं. ते मान्य करायला लावलं काळ्या अमेरिकनांनी, तुरुंगात जाऊन आणि मार खाऊन. माझ्या काकांच्या पासपोर्टवरचा व्हिसा त्या मार खाल्लेल्या लोकांच्या खात्यातून आलाय असं मी म्हणतो, तेव्हा काही मित्रांना ते अतिशयोक्त वाटतं. त्यांनी वरच्या तारखा पुन्हा एकदा ओळीने वाचाव्यात. आणखी एक तारीख त्यात घालावी: 30 जुलै 1965, मेडिकेअर आणि मेडिकेडच्या कायद्यावर सही. म्हाताऱ्यांच्या आणि गरिबांच्या उपचाराचा खर्च सरकारने उचलला, रुग्णालयांना डॉक्टर कमी पडू लागले, आणि सोलापूर-मिरज-मुंबईच्या सरकारी अनुदानावर शिकलेली पोरं विमानात बसली. अमेरिकेत 1960 साली भारतात जन्मलेले सुमारे 12 हजार लोक होते. 1980 पर्यंत ते दोन लाखांवर गेले. इथल्या मराठी मंडळांची मोठी संघटना, बृहन्महाराष्ट्र मंडळ, स्थापन झाली ती 1981 मध्ये. हुशार माणसं 1960 च्या आधीही आपल्याकडे होतीच की!

आता सेलर यांना देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. आपण एवढ्या संख्येने येऊ अशी त्यांची कल्पनाही नव्हती. विरोधकांना शांत करताना त्यांनीच सभागृहाला सांगितलं होतं की आशिया-आफ्रिकेतल्या लोकांचे इथे नातलगच फारसे नाहीत, त्यामुळे तिकडून तुलनेने थोडेच येतील. ओहायोच्या मायकेल फिगन यांनी नातलगांना प्राधान्य देण्याचा आग्रह धरला तो युरोपीय चेहरा टिकावा म्हणून. झालं उलटंच: एक डॉक्टर आला, त्याने बायको आणली, नागरिक झाल्यावर भाऊ आणला. त्याच कायद्याने मेक्सिकोसकट संपूर्ण पश्चिम गोलार्धावर पहिल्यांदाच 1 लाख 20 हजारांची मर्यादा घातली. पिढ्यान्‌पिढ्या हंगामाला येऊन परत जाणारा शेतमजूर हळूहळू 'बेकायदा' ठरत गेला. ज्या सहीने माझे काका कायदेशीर झाले, तिनेच त्या टेबलं उचलणाऱ्या माणसांच्या आजोबांची वाट अवघड केली. "आपला काय संबंध" या प्रश्नाचं एक उत्तर इथेच आहे.

आणि स्त्रियांच्या बाबतीत सेलर चुकले, सपशेल चुकले. समान हक्कांची घटनादुरुस्ती त्यांनी वर्षानुवर्षं आपल्या समितीत कुजवत ठेवली. 1970 मध्ये मार्था ग्रिफिथ्स यांनी सह्या गोळा करून ती त्यांच्या हातातून काढून घेतली, तेव्हा सभागृहाने ती 350 विरुद्ध 15 मतांनी मंजूर केली. जन्मावरून माणसाचं मोजमाप करू नका असं 41 वर्षं सांगणाऱ्याला अर्ध्या माणसांच्या बाबतीत तेच तत्त्व दिसलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. 1972 च्या पक्षांतर्गत निवडणुकीत 84 वर्षांच्या सेलर यांच्यासमोर एलिझाबेथ होल्ट्झमन नावाची 30 वर्षांची वकील उभी राहिली. भुयारी रेल्वेच्या स्टेशनांवर उभं राहून तिने मतं मागितली आणि सुमारे 600 मतांनी जिंकली. पुढे तीच स्थलांतरविषयक उपसमितीची अध्यक्ष झाली आणि 1980 चा निर्वासितांचा कायदा घडवण्यात तिचा मोठा वाटा होता. सेलर 1981 मध्ये वारले, ब्रुकलीनमध्येच.

कुणी म्हणेल, प्रत्येक देशाला आपल्या सीमेवर कुणाला घ्यायचं हे ठरवायचा हक्क आहे. आहेच, त्याबद्दल माझा वाद नाही. सेलरही सीमा उघड्या टाका असं म्हणत नव्हते. माझं म्हणणं एवढंच की ठरवताना माणूस बघा, त्याचा जन्म कुठे झाला ते बघू नका. आणि हे म्हणणं अर्धवट राहिलंय याचा पुरावा आपल्या मराठी शाळेत दर रविवारी माझ्यासमोर बसतो. सतरा वर्षांची मुलगी, चौथ्या वर्षी पिंपरीहून आलेली. मोडी शिकायचा हट्ट तिचा, आणि तिचं इंग्रजी ऐकाल तर ती न्यू जर्सीचीच. वडील एच-वन-बी या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर, ग्रीन कार्डच्या रांगेत कित्येक वर्षं. 1965 च्या कायद्याने पूर्व गोलार्धातल्या प्रत्येक देशाला वर्षाला 20 हजारांचं सारखंच कमाल प्रमाण दिलं. 1990 पासून ते वर्षाच्या कोट्यातल्या ग्रीन कार्डांपैकी 7 टक्के या रूपात चालू आहे. आइसलँडला 7 टक्के, भारतालाही 7 टक्के. त्यामुळे तिच्या वडिलांच्या शेजारच्या टेबलावर काम करणारा दुसऱ्या देशातला माणूस काही वर्षांत मोकळा होतो आणि हे अडकतात. मुलगी 21 वर्षांची झाली की वडिलांच्या व्हिसावरचा तिचा हक्क संपतो. तिला स्वतंत्र व्हिसा शोधावा लागेल किंवा तिला जेमतेम आठवणाऱ्या पिंपरीला परतावं लागेल. तिच्या वडिलांनी रांग मोडली नाही. हुशारीत ते कुणाला हार जाणार नाहीत. ते चुकीच्या देशात जन्मले, एवढंच.

या घरांचा प्रश्न सुटायचा तर संसदेत सेलर आणि मॅकलक यांच्यासारखी माणसं लागतील, आणि बाहेर त्यांच्या पाठीशी उभे राहणारे मतदार लागतील. मतदार आपण आहोत, निदान आपल्यातले ज्यांना नागरिकत्व मिळालंय ते. 'आमच्या हुशार लोकांना सोडा, बाकीच्यांचं बघून घ्या' अशी वेगळी याचिका घेऊन गेलो तर ती थिंद खटल्यातल्या युक्तिवादाच्याच वाटेने जाईल, अशी मला भीती वाटते. त्या टेबलं उचलणाऱ्यांची मुलं लहानपणीच इथे आलेली असतील, तर त्यांच्या डोक्यावरही अशीच टांगती तलवार असते. दोघांच्या तक्रारी एकत्र मांडल्या तर ऐकणारे खासदार दुप्पट होतील.

शाळेच्या कार्यकारिणीला मी एक पत्र दिलं आहे. आपण मुलांना शिवाजी महाराज शिकवतो, टिळक शिकवतो, आनंदीबाई जोशी शिकवतो, ते तसंच चालू राहू दे. वर्षातला एक रविवार थिंद, सखाराम पंडित, बगाई, सेलर आणि बर्मिंगहॅमच्या पोरांसाठी द्या. मी शिकवायला तयार आहे. काकांचा पासपोर्ट बहिणीकडून आणेन, मुलांना ते 8 डॉलरचं पान हातात धरून बघू दे. त्या दिवशी पालकांनीही वर्गात बसावं अशी विनंती पत्रात केली आहे, आणि रांगेतल्या त्या गृहस्थांना मी स्वतः फोन करून बोलावणार आहे.